‘सहमत आहे’ दाबण्यापूर्वी : नवा डेटा संरक्षण कायदा आणि शेतकऱ्याची माहिती

शेतकरी ओळख क्रमांकासाठी गावोगावच्या सेवा केंद्रांवर रांगा लागल्या, तेव्हाचे चित्र अनेकांनी पाहिले असेल. शेतकरी आधार कार्ड आणि सातबारा टेबलावर ठेवतो, केंद्रचालक माहिती भरतो, मोबाईलवर ओटीपी येतो, शेतकरी तो वाचून दाखवतो आणि काम संपते. या दहा मिनिटांत पडद्यावर ‘मी सहमत आहे’ अशा चौकटीवर टिकही होते. ती कशासाठी, हे शेतकरी विचारत नाही आणि चालक सांगत नाही. मागे रांग उभी असते.

मोबाईलवरही हेच घडते. हवामानाचे ॲप उघडले की ते लोकेशन मागते, खताच्या दुकानाचे ॲप संपर्क यादी मागते, बाजारभावाचे संकेतस्थळ ‘कुकीज स्वीकारा’ म्हणते. आपल्याला भाव बघायचा असतो, म्हणून आपण समोर दिसेल ते बटण दाबतो.

या बटणाला आता कायद्याने अर्थ दिला आहे. ‘डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३’ आणि त्याचे २०२५ चे नियम यांमुळे माहिती मागणाऱ्यावर बंधने आली आहेत आणि माहिती देणाऱ्याला काही हक्क मिळाले आहेत. पण हा कायदा लिहिताना डोळ्यांसमोर होता तो स्वतःच्या मोबाईलवर स्वतः वाचून बटण दाबणारा माणूस. ग्रामीण भागात बऱ्याचदा हे बटण दुसराच कोणीतरी दाबतो. त्यामुळे कायदा काय देतो, काय देत नाही आणि तो बांधापर्यंत पोहोचण्यासाठी कोणी काय करावे, हे शेतकऱ्यांनी आणि विस्तार कर्मचाऱ्यांनीही समजून घ्यायला हवे.

कायदा कुठवर आला?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने निकाल दिला की, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये अहवाल दिला. २०१९ मध्ये संसदेत आलेले विधेयक २०२२ मध्ये मागे घेण्यात आले. नवे विधेयक संसदेत मंजूर होऊन ११ ऑगस्ट २०२३ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली.

कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. डेटा संरक्षण मंडळाविषयीच्या तरतुदी लगेच लागू झाल्या. संमती व्यवस्थापकांची नोंदणी एक वर्षानंतर, तर संमती, सूचना, माहितीची सुरक्षा आणि नागरिकांचे हक्क या मुख्य तरतुदी अठरा महिन्यांनंतर, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. दंडाची बाब त्यानंतरची असली, तरी कंपन्या आणि संस्थांना तयारी करावी लागणार आहेच. शेतकऱ्यानेही आपली बाजू आधीच समजून घेतलेली बरी.

कायद्यात माहिती गोळा करणाऱ्याला ‘डेटा फिड्युशिअरी’ म्हटले आहे. त्याचा अर्थ माहितीचा विश्वस्त. ज्याची माहिती आहे तो ‘डेटा प्रिन्सिपल’. विश्वस्त हा शब्द महत्त्वाचा आहे. सोसायटीच्या गोदामात ठेवलेले धान्य सोसायटीचे होत नाही, तशी दिलेली माहितीही घेणाऱ्याच्या मालकीची होत नाही. ज्या कामासाठी दिली, त्याच कामासाठी ती त्याच्याकडे असते. आणखी एक वेगळेपण असे की, या कायद्याच्या इंग्रजी मसुद्यात व्यक्तीसाठी ‘तो’ ऐवजी ‘ती’ हे सर्वनाम वापरले आहे. महिला शेतकऱ्यांच्या दृष्टीने याचा विचार पुढे करू.

कुकी म्हणजे काय आणि तिचा शेतीशी संबंध काय?

संकेतस्थळ उघडल्यावर ते आपल्या मोबाईलमध्ये किंवा संगणकात एक छोटी नोंद ठेवते. हीच कुकी. पुढच्या वेळी तेच संकेतस्थळ ती नोंद वाचते आणि आपल्याला ओळखते. ही कल्पना १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत पुढे आली.

सगळ्या कुकी वाईट नसतात. निवडलेली मराठी भाषा, निवडलेला जिल्हा लक्षात राहणे, लॉगिन टिकणे ही कामे कुकीनेच होतात. प्रश्न जाहिरात कंपन्यांच्या कुकींचा आहे. या कुकी आपण पाहत असलेल्या संकेतस्थळाच्या नसतात. तिथे जागा घेतलेल्या तिसऱ्याच कंपनीच्या असतात. तीच कंपनी शेकडो संकेतस्थळांवर हजर असते. त्यामुळे एका ठिकाणी आपण गुलाबी बोंडअळीविषयी वाचले की दुसऱ्या ठिकाणी कीटकनाशकाची जाहिरात समोर येते. मोबाईल ॲपमध्ये हेच काम फोनचा जाहिरात क्रमांक, लोकेशन आणि दिलेल्या परवानग्या करतात.

भारतीय कायद्यात ‘कुकी’ हा शब्द नाही. पण ज्या माहितीवरून एखादी व्यक्ती ओळखता येते, ती सगळी वैयक्तिक माहिती अशी व्याख्या आहे. त्यामुळे व्यक्तीशी जोडली जाणारी कुकीही तिच्या कक्षेत येते.

इथे एक प्रश्न हमखास विचारला जातो : सातबारा तर ऑनलाइन कोणालाही दिसतो, मग लपवायचे काय? प्रश्न रास्त आहे. कायद्यानुसार सार्वजनिक करावीच लागते अशी माहिती या कायद्यातून वगळलेलीही आहे. पण नुसत्या सातबाऱ्यावरून फारसे कळत नाही. त्याला मोबाईल क्रमांक, आधार, बँक खाते, पेरणीची तारीख, माती परीक्षणाचा अहवाल, विहिरीची खोली, पीक कर्जाची थकबाकी आणि मागच्या वर्षीचे उत्पादन जोडले की त्या शेतकऱ्याची पुरी कुंडली तयार होते. कोणाला पैशांची निकड आहे, कोण कधी माल विकणार, कोणाच्या शेतात रोग आला आहे हे व्यापाऱ्याला आणि सावकाराला घरबसल्या कळू शकते. माहितीला भाव येतो तो या जोडणीमुळे.

संमती कशी असली पाहिजे?

कायद्याच्या कलम ६ नुसार संमती मुक्त, ठरावीक कामापुरती, माहिती घेऊन दिलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी लागते. शिवाय ती स्पष्ट कृतीने दिलेली असावी. ‘आपण हे ॲप वापरता म्हणजे आपली संमती आहे’ असे गृहीत धरून चालणार नाही.

कायद्याने स्वतःच एक उदाहरण दिले आहे. एक व्यक्ती डॉक्टरी सल्ल्याचे ॲप घेते. ॲप सल्ल्यासाठी लागणारी माहिती मागते आणि फोनमधली संपर्क यादीही मागते. व्यक्ती दोन्हींना होकार देते. तरीही संपर्क यादी सल्ल्यासाठी गरजेची नसल्याने तिच्यापुरती ती संमती धरली जाणार नाही. हेच शेतीला लावून पाहा. पीक सल्ल्याच्या ॲपला गाव आणि पीक कळणे गरजेचे आहे. संपर्क यादी, एसएमएस आणि फोटो यांची त्याला काय गरज?

संमती मागण्याआधी सूचना द्यावी लागते. नियमांनुसार ती सोप्या भाषेत आणि इतर मजकुरापासून वेगळी असावी. कोणकोणती माहिती घेणार, कशासाठी घेणार, संमती मागे कशी घ्यायची आणि तक्रार कुठे करायची, हे तिच्यात असावे. ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत पाहण्याची सोय द्यावी लागते. मराठी त्यांपैकी एक आहे. म्हणजे मराठीत सूचना मागणे हा हक्क आहे.

सर्वांत उपयोगाची तरतूद संमती मागे घेण्याची आहे. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे. एका बटणावर होकार घ्यायचा आणि नकारासाठी मात्र कार्यालयात अर्ज घेऊन बोलवायचे, हे चालणार नाही. कायदा लागू होण्याआधी दिलेल्या संमतीबाबतही नंतर शक्य तितक्या लवकर सूचना द्यावी लागेल. म्हणजे मागे दिलेली माहितीही हिशेबातून सुटत नाही.

युरोपने काय शिकवले?

संकेतस्थळांवर दिसणारी ‘कुकीज स्वीकारा’ ही पाटी मुख्यतः युरोपातून आली. तेथील २००२ च्या निर्देशात २००९ मध्ये बदल होऊन कुकीसाठी आधी संमती घेणे आवश्यक झाले. २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा कडक कायदा लागू झाला. १ ऑक्टोबर २०१९ रोजी युरोपीय न्यायालयाने आधीच टिक करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असा निकाल दिला. स्वीकारायला एक क्लिक आणि नाकारायला अनेक, या कारणावरून फ्रान्सच्या नियामकाने गुगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड ठोठावल्याचे जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केले.

एवढे होऊनही युरोपातील सामान्य माणूस या पाट्यांना कंटाळला. रोज दहा पाट्या दिसल्या की माणूस वाचणे सोडतो आणि सवयीने होकार देतो. शेवटी युरोपीय आयोगानेच नोव्हेंबर २०२५ मध्ये या पाट्या कमी करण्यासाठी कायद्यात बदल सुचवले.

यातून आपण घ्यायचा धडा असा : बटणांची संख्या वाढवून संरक्षण वाढत नाही. गरजेपेक्षा जास्त माहिती मुळात मागूच न देणे, हे खरे संरक्षण. साक्षर, स्वतःचा फोन स्वतः वापरणाऱ्या समाजात जर असे झाले, तर जिथे दुसराच माणूस बटण दाबतो तिथे काय होईल, याचा विचार करायला हवा.

सरकारी योजनांचे गणित वेगळे

केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२४ रोजी २,८१७ कोटी रुपयांच्या डिजिटल कृषी अभियानाला मंजुरी दिली. त्यातील ॲग्रिस्टॅकचे तीन पाये आहेत : शेतकऱ्यांची नोंदवही, गावांचे भू-संदर्भित नकाशे आणि पेरलेल्या पिकांची नोंदवही. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला.

या व्यवस्थेचे फायदे खरे आहेत. एकदा नोंद झाली की प्रत्येक योजनेला तीच कागदपत्रे जोडावी लागत नाहीत. पीक नोंद अचूक असेल तर नुकसानभरपाई आणि विमा यांची कामे सोपी होतात. पण संमतीच्या दृष्टीने इथे एक पेच आहे. ज्या क्रमांकाशिवाय अनुदान मिळत नाही, त्यासाठी दिलेला होकार कितपत ‘मुक्त’ म्हणायचा?

कायद्याने हा पेच वेगळ्या वाटेने सोडवला आहे. कलम ७ नुसार अनुदान, लाभ, सेवा, दाखला किंवा परवाना देण्यासाठी काही अटींवर सरकार पूर्वी दिलेली किंवा सरकारी नोंदींतील माहिती नव्याने संमती न घेता वापरू शकते. पुढे कलम १७ नुसार माहिती पुसून टाकण्याचे बंधन सरकारी यंत्रणांना नाही. म्हणजे खासगी ॲपला ‘माझी माहिती काढून टाका’ असे सांगता येईल. ॲग्रिस्टॅकला तसे सांगण्याचा हक्क या कायद्यात नाही.

मग शेतकऱ्याच्या हातात काय उरते? दुरुस्तीचा हक्क. ज्या माहितीवरून त्याच्याविषयी निर्णय होतो, ती चुकीची असेल तर दुरुस्त करून मागण्याचा आधार इथे राहतो. व्यवहारात हाच हक्क सर्वांत मोलाचा ठरेल. आधारवरील आणि सातबाऱ्यावरील नावात फरक, गट क्रमांक चुकणे, सामाईक खात्यातले क्षेत्र कमी दिसणे, कापसाच्या जागी सोयाबीनची नोंद होणे या कारणांनी लाभ अडकतो. माहिती चोरीला गेली तर एखाद्याचे नुकसान होईल. पण माहिती चुकली तर त्या हंगामाचे अनुदान हमखास जाते.

सुरक्षेची जबाबदारीही सरकारी यंत्रणांना टाळता येत नाही. पीएम-किसानच्या संकेतस्थळातील त्रुटीमुळे शेतकऱ्यांचे आधार क्रमांक उघडे पडत असल्याचे एका सुरक्षा संशोधकाने २०२२ मध्ये निदर्शनास आणले होते. ती त्रुटी नंतर दुरुस्त झाली. कोट्यवधी शेतकऱ्यांची माहिती एका जागी आली की एका चुकीची किंमतही तेवढीच मोठी होते.

खासगी कंपन्यांच्या सहभागाचा प्रश्नही जुना आहे. एप्रिल २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने मायक्रोसॉफ्टशी सहा राज्यांतील १०० गावांसाठी प्रायोगिक करार केला, तेव्हा देशात डेटा संरक्षण कायदाच नव्हता. अनेक शेतकरी आणि नागरी संघटनांनी त्यावर आक्षेप घेतला होता. आता कायदा आहे. कंपनी सरकारच्या वतीने काम करते की स्वतःच्या धंद्यासाठी माहिती घेते, हा फरक आता विचारता येईल आणि विचारला पाहिजे.

खरी संमती घेतली जाते मधल्या खुर्चीत

आपल्याकडे शेतकरी आणि पडदा यांच्यामध्ये नेहमी एक माणूस असतो. सेवा केंद्राचा चालक, सहायक कृषी अधिकारी, शेतकरी उत्पादक कंपनीचा लिपिक, कृषी सेवा केंद्राचा दुकानदार, घरातला शिकलेला मुलगा. तो मदत करतो, त्याच्याशिवाय काम होत नाही. पण होकार प्रत्यक्षात त्याच्या बोटाने दिला जातो.

यातून तीन धोके निघतात. पहिला, शेतकऱ्याला सूचना दिसतच नाही. दुसरा, ओटीपी म्हणजे ‘फक्त आलेला नंबर’ असे वाटते. प्रत्यक्षात ओटीपी सांगणे म्हणजे सही करणे. तिसरा, आधारची झेरॉक्स, सातबारा आणि पासबुक यांचे फोटो मधल्या माणसाच्या फोनमध्ये पडून राहतात. तो फोन उद्या विकला गेला, हरवला किंवा भलत्याच्या हाती गेला तर काय?

महिला शेतकऱ्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. जमीन तिच्या नावावर, पण नोंदणीतला मोबाईल नवऱ्याचा किंवा मुलाचा. ओटीपी त्याच्याकडे जातो, सूचना त्याला दिसते, होकारही तोच देतो. कायद्यात ‘ती’ हे सर्वनाम आले, पण जोवर नोंदीत तिचा स्वतःचा क्रमांक येत नाही तोवर तिची संमती कागदावरच राहील.

कर्जाची ॲप आणि खोटी ॲप

शेतकऱ्याला सर्वांत लवकर दुखापत होते ती इथे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधील फाइल, संपर्क यादी आणि कॉलच्या नोंदी घ्यायच्या नाहीत. कॅमेरा किंवा लोकेशन केवायसीपुरते एकदाच, तेही स्पष्ट संमतीने घेता येते. मे २०२३ अखेरपासून गुगलनेही आपल्या प्ले स्टोअरवरील वैयक्तिक कर्जाच्या ॲपना संपर्क आणि फोटो घेण्यास मनाई केली. त्यामुळे कर्जाचे ॲप संपर्क यादी मागत असेल, तर तिथेच थांबावे. वसुलीच्या वेळी हीच यादी वापरून नातेवाइकांना धमक्या दिल्याचे प्रकार देशभर झाले आहेत. नियमात काम करणाऱ्या डिजिटल कर्ज ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पाहता येते.

एक बाब मात्र लक्षात ठेवावी. कर्ज थकले असेल तर थकबाकीदाराची आर्थिक माहिती मिळवण्यासाठी वित्तसंस्थांना या कायद्यात सवलत आहे. संमती मागे घेतली म्हणून थकबाकीची नोंद पुसली जाणार नाही.

दुसरा धोका व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एपीके फायलींचा. ‘पीएम-किसान’ किंवा अन्य योजनेच्या नावाने आलेली फाइल टाकली की ती एसएमएस वाचू लागते आणि ओटीपी परस्पर जातो. हा सरळ गुन्हा आहे. इथे संमतीचा कायदा कामाचा नाही, सावधपणाच कामाचा. तसेच जमिनीच्या दस्तांवरील अंगठ्यांचे ठसे मिळवून आधारच्या आधारे खात्यातून पैसे काढल्याचे प्रकारही देशात उघडकीस आले आहेत. अंगठा बदलता येत नाही, म्हणून तो बंद ठेवण्याची सोय वापरावी.

कायदा कुठे तोकडा पडतो?

- भरपाई नाही. माहिती सुरक्षित न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत, तर माहिती फुटल्याचे न कळवल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण ही रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते. ज्याचे नुकसान झाले त्याला या कायद्याखाली भरपाई मिळत नाही.
- लांब पल्ला. आधी संबंधित कंपनीकडे तक्रार करावी लागते. तिला तिच्या निराकरणासाठी ९० दिवसांपर्यंत मुदत आहे. त्यानंतर डेटा संरक्षण मंडळ आणि पुढे अपील न्यायाधिकरण. मंडळाचे काम डिजिटल पद्धतीने चालणार असल्याने दिल्लीला जावे लागणार नाही, ही जमेची बाजू.
- शेताची माहिती अर्धीच आत. कायदा व्यक्तीच्या माहितीपुरता आहे. नाव काढून एकत्र केलेली गावाची पीक आकडेवारी, किंवा कंपनी म्हणून शेतकरी उत्पादक कंपनीची स्वतःची माहिती त्यात येत नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये शेतकरी संघटना आणि कंपन्यांनी मिळून शेतीच्या माहितीविषयी तत्त्वे ठरवली, युरोपात २०१८ मध्ये आचारसंहिता आली. दोन्ही ऐच्छिक आहेत, पण शेतात तयार झालेल्या माहितीवर पहिला हक्क शेतकऱ्याचा, ही भूमिका त्यांत आहे. आपल्याकडे हे अजून करारांवर सोडलेले आहे.
- माहिती अधिकाराला कात्री. याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(जे) मध्ये बदल केला आणि वैयक्तिक माहिती देण्याचे नाकारणे सोपे झाले. ठिबकचे किंवा अवजारांचे अनुदान गावात कोणाला मिळाले, हे विचारणाऱ्याला उद्या ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ असे उत्तर मिळू शकते. व्यापक जनहित असेल तर माहिती देण्याची कलम ८(२) मधील वाट मात्र शिल्लक आहे. अर्जात तिचा उल्लेख करावा.

कायद्याने नागरिकांवरही कर्तव्ये टाकली आहेत. दुसऱ्याच्या नावाने माहिती देणे, खोटी तक्रार करणे यासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१. ॲप घेताना परवानग्या पाहाव्यात. हवामान आणि पीक सल्ल्याला लोकेशन ‘ॲप वापरताना’ इतकेच द्यावे. संपर्क, एसएमएस आणि कॉलच्या नोंदी नाकाराव्यात. आधी दिल्या असतील तर फोनच्या सेटिंगमधून काढाव्यात.

२. कुकीची पाटी आली की ‘फक्त आवश्यक’ किंवा ‘नाकारा’ असा पर्याय शोधावा. माहिती वाचायला त्याने सहसा अडचण येत नाही.

३. सेवा केंद्रावर ओटीपी देण्याआधी ‘हा कशासाठी?’ एवढे विचारावे. भरलेला अर्ज पडद्यावर पाहावा आणि नाव, गट क्रमांक, क्षेत्र, बँक खाते तपासूनच पुढे जावे. पावती घ्यावी.

४. आधारची प्रत द्यावी लागली आणि पूर्ण क्रमांक गरजेचा नसेल, तर पहिले आठ अंक झाकलेले ‘मास्क्ड आधार’ द्यावे. कागदी प्रतीवर तारीख आणि काम लिहावे.

५. आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवावे. अंगठा लावायची वेळ आली की तात्पुरते उघडता येते.

६. ई-पीक पाहणी आणि शेतकरी ओळख क्रमांकातील नोंद हंगामात एकदा तरी तपासावी. चूक दिसल्यास लगेच लेखी दुरुस्ती मागावी.

७. आर्थिक फसवणूक झाल्यास वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवावे. उशीर झाला की पैसे परत मिळण्याची शक्यता कमी होते.

८. घरातील महिलेच्या नावावर जमीन असेल तर नोंदणीत तिचाच मोबाईल क्रमांक द्यावा.

विस्तार कर्मचारी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी

सभासदांची यादी एक्सेलमध्ये ठेवणारी, माती परीक्षणाचे अहवाल साठवणारी, जिओ-टॅग फोटो घेणारी उत्पादक कंपनीही कायद्याच्या नजरेत माहितीची विश्वस्त आहे. त्यामुळे :

- लाभार्थ्यांची आधार, खाते क्रमांक आणि मोबाईलसह यादी व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. नाव आणि अर्ज क्रमांक पुरेसा असतो.
- सभासद अर्जावर मराठीत चार ओळी छापाव्यात : कोणती माहिती, कशासाठी, कोणाला देणार, कमी करायची असल्यास कोणाशी बोलायचे.
- खरेदीदार, निविष्ठा कंपनी किंवा ड्रोन सेवा पुरवठादाराशी करार करताना शेतकऱ्यांची माहिती दुसऱ्याला विकणार नाही आणि काम संपल्यावर परत किंवा नष्ट करणार, असे कलम घालावे.
- शेतकऱ्यांच्या कागदपत्रांचे फोटो काम झाल्यावर स्वतःच्या फोनमधून काढावेत.
- माहिती फुटल्यास संबंधितांना विनाविलंब कळवणे आणि मंडळाला ७२ तासांत तपशील देणे नियमांत आहे. हे काम कोणाचे, ते आधीच ठरवावे.
- शेतकरी मेळाव्यात खत-बियाण्यांबरोबर पाच मिनिटे ओटीपी आणि परवानग्यांवर बोलावे.

चावडीवर कागद समोर ठेवला की जुनी माणसे अंगठा उठवण्याआधी म्हणत, ‘आधी वाचून दाखवा.’ तेव्हा अनेकांना अक्षर येत नव्हते, पण कागद वाचून घ्यायचा हे कळत होते. आज कागदाची जागा पडद्याने घेतली आहे. पुढच्या वेळी सेवा केंद्रावर चौकटीवर टिक होण्याआधी तेच म्हणावे. आणि खुर्चीत बसलेल्याने, मागे रांग असली तरी, वाचून दाखवावे.